उपदेशकाचा गुरु कोण?

आमच्या शाळेंतून कांहीं वर्षांपूर्वीं बाहेर पडलेली एक विद्यार्थिनी हल्लीं जर्मनी देशांत एका रुग्णालयांत परिचारिकेचें काम करीत आहे. तिचे वडील मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत फिटर होते. मुलीची फी भरावयास ते स्वतः येत, आणि हातावरील तेलाचा डाग नोटांस लागूं नये म्हणून त्या वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून आणीत, हें आम्हांस अद्यापि आठवतें. या मुलीचें गेल्या हिवाळ्यांत आम्हांस पत्र आलें. (टपालानें आलेलें नव्हे, तशीं पत्रें आतां कोण लिहितो? परंतु मजकूर चांगला चार पानांचा होता, म्हणून आम्ही त्यास पत्रच म्हणतों.) तिनें लिहिलें होतें कीं, एके दिवशीं दुपारीं दार वाजलें, उघडून पाहते तों पांढरे सदरे घातलेले, गळपट्टे बांधलेले आणि छातीवर काळ्या पट्टीवर नांव लावलेले दोन तरुण उभे. वय फार तर एकोणीस-वीस. अमेरिकेंतील युटा संस्थानांतून ते धर्मोपदेशासाठीं आलेले होते. ते अडखळत जर्मन बोलत होते आणि ही देखील अडखळतच बोलत होती. अशा रीतीनें तिघांपैकीं कोणाचीच नव्हे अशा भाषेंत तिघांचें उंबरठ्यावर संभाषण सुरू झालें.

धर्माची गोष्ट हिनें नम्रपणें नाकारली. तेव्हां दोघांपैकीं एकानें छापील पत्रक पुढें केलें व पाठ केलेलीं चार वाक्यें म्हणून दाखविलीं. दुसऱ्यानें मात्र विचारलें, "तुमच्या भाषेंत निरोप घेतांना काय म्हणतात?" हिनें सांगितलें, पुरुषानें म्हणावयाचें "येतों" आणि बाईनें म्हणावयाचें "येतें". त्यानें खिशांतून एक लहान वही काढून तें लिहून घेतलें, मग अर्थ विचारला, आणि अर्थ समजल्यावर तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. जाणारा मनुष्य ‘येतों’ असें कसें म्हणतो, हें त्यास उमगेना. पत्राच्या शेवटीं आमच्या विद्यार्थिनीनें आम्हांस एक प्रश्न घातला होता: इतक्या कोंवळ्या वयाच्या मुलांना इतक्या दूर कोण पाठवितें, आणि तीं कोणास काय शिकविणार?

तिला उत्तर आम्हीं निराळें पाठविलें. परंतु तें लिहितांना असें वाटलें कीं, हा विषय आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही विचारांत घेण्याजोगा आहे. कारण आज याच वसाहतींतल्या घरांतून मुलें परमुलखांत जात आहेत, आणि ज्या प्रकारच्या शाळेंत तीं शिकलीं त्या प्रकारच्या शाळा या प्रांतांत प्रथम परमुलखांतून आलेल्या उपदेशकांनींच काढल्या. आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. परक्या देशांत शिकवावयास जाणाऱ्याची परीक्षा त्यानें काय शिकविलें यावरून करूं नये. तो तेथें कोणापाशीं बसून किती वर्षें शिकला, यावरून करावी.

प्रथम त्या दोन तरुणांविषयीं. ज्या पंथाचे ते आहेत त्यास जग मॉर्मन पंथ म्हणतें. त्या मंडळीस स्वतःला हें नांव आतां रुचत नाहीं, आणि २०१८ सालापासून तिच्या प्रमुखांनीं पूर्ण नांवच वापरावें असा आग्रह धरिला आहे. परंतु तें ‘अंतिम दिवसांतील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी’ असें लांबलचक असल्यामुळें लोक जुनेंच वापरतात, आणि आम्हीही सोयीसाठीं तेंच वापरीत आहों. जोसेफ स्मिथ यानें १८३० सालीं अमेरिकेंत हा पंथ स्थापन केला. १८४४ सालीं जमावानें त्याचा वध केला, आणि १८४७ सालीं त्याच्या अनुयायांपैकीं पुष्कळ जण पश्चिमेकडील एका खाऱ्या सरोवराच्या कांठीं जाऊन वसले. तोच आजचा युटा. बायबलाबरोबर ‘मॉर्मनचें पुस्तक’ हाही ग्रंथ ते प्रमाण मानतात, आणि या व इतर मतभेदांमुळें बाकीच्या ख्रिस्ती मंडळ्यांशीं त्यांचें जमत नाहीं. त्या वादांत पडण्याचें आम्हांस कारण नाहीं.

या पंथांतील मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणजे त्यानें दोन वर्षें धर्मकार्यास द्यावीं अशी अपेक्षा असते. मुलीही जातात, त्यांची मुदत दीड वर्षाची. पगार नाहीं, खर्च स्वतः साठविलेल्या किंवा घरच्या पैशांतून करावयाचा. कोणत्या देशीं जावयाचें हें जाणारा ठरवीत नाहीं, मंडळी ठरविते. परकी भाषा लागणार असेल तर युटांतील प्रोवो येथील शिक्षणगृहांत ती कांहीं आठवडे घोकावयाची, आणि मग विमानांत बसावयाचें. तेथून पुढें सारा दिवस घड्याळाच्या कांट्यावर. साडेसहाला उठणें, व्यायाम, न्याहारी, ग्रंथवाचन, जोडीदाराबरोबर पाठाची तयारी, भाषेचा अभ्यास. मग बाहेर पडून दारें वाजविणें, रस्त्यांत लोकांशीं बोलणें, कोणी बोलाविलें तर त्याच्या घरीं जाऊन पाठ देणें. रात्रीं नऊ-साडेनऊपर्यंत परत, आणि साडेदहाला दिवा मालविणें. जोडीदारास एकटें सोडून कोठें जावयाचें नाहीं. प्रेमाच्या भानगडी वर्ज्य. आठवड्यांतून एक दिवस कपडे धुण्यास, बाजारहाटास व घरीं पत्र लिहिण्यास मोकळा. घरच्या माणसांशीं बोलणें वर्षांतून दोन वेळां, नाताळांत व मातृदिनीं, असा नियम होता. २०१९ सालापासून दर आठवड्यास बोलण्याची मुभा मिळाली आहे. आणि गंमत अशी कीं, ज्याला अजून नीट मिसरूड फुटलेली नाहीं अशा या पोरास हांक मारावयाची ती ‘एल्डर’, म्हणजे ‘वडील’, अशी!

आमच्या पालकांपैकीं कित्येकांस हें वाचून हेवा वाटेल. आपल्या चिरंजिवांस साडेसहाला उठविण्यास घरांतील तीन माणसें लागतात, हें ते आम्हांस वारंवार सांगत असतात. परंतु शिस्तीचा महिमा गाण्यासाठीं आम्ही ही दिनचर्या दिली नाहीं. या दिवसांतले खरे कामाचे तास कोणते, हा आमचा प्रश्न आहे. दारें वाजविण्याचे तास आम्हांस कामाचे वाटत नाहींत. बहुतेक दारें उघडून लगेच मिटतात, आणि तीं मिटावीं हेंही योग्यच आहे. घरांत बसलेल्या मनुष्यास स्वतःचा धर्म असतो, चुलीवर भाजी असते, त्यानें कोणास बोलाविलेलें नसतें; आणि दार वाजविणाऱ्याच्या उत्साहापेक्षां दार लावून घेणाऱ्याचा हक्क आम्ही मोठा मानतों. परंतु याच दिवसांत भाषेचा अभ्यास करण्याचा जो तास आहे, स्वतःचे कपडे स्वतः धुण्याचा जो दिवस आहे, रस्ता चुकल्यावर परक्याच्या भाषेंत रस्ता विचारण्याची जी वेळ आहे, तेथें त्या मुलाचें कांहीं घडत असतें. पत्रक देणाऱ्या तरुणाविषयीं आमच्या विद्यार्थिनीनें एकच ओळ लिहिली. वहींत शब्द लिहून घेणाऱ्याविषयीं दीड पान.

हाच पंथ आपल्या महाराष्ट्रांत एकदां येऊन गेलेला आहे, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांस ठाऊक असेल.

१८५२ सालीं ह्यू फिन्डले नांवाचा एक स्कॉच मॉर्मन उपदेशक मुंबईस उतरला. पुढच्या वर्षीं एप्रिल महिन्यांत त्याच पंथाचे तेरा उपदेशक अमेरिकेहून कलकत्त्यास येऊन पोहोंचले. त्यांपैकीं नऊ हिंदुस्थानासाठीं व चार सयामासाठीं नेमलेले होते. त्यांची रीत अशी कीं, थैली व झोळी न घेतां निघावें, आणि ज्या गांवीं जावें तेथील लोक खावयास व निजावयास देतील त्यावर राहावें. इंग्लंडांत व अमेरिकेंत हें चालून गेलें. कारण तेथें उपदेशकाची व यजमानाची भाषा, अन्न आणि अंथरूण एकच. आपल्याकडे त्या काळीं काय गत होणार, याची कल्पना आजीच्या तोंडून सोंवळ्याओंवळ्याच्या गोष्टी ऐकलेल्या मुलांनीं करावी. हिंदु घराच्या ओसरीवर पाहुण्यास पाणी मिळेल, पण पंक्तींत पाट कोण मांडणार? गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत जागा पुष्कळ होती; परंतु या पंथाविषयीं इंग्रजी वर्तमानपत्रांनीं व पाद्र्यांनीं तेथें आधींच रान उठविलेलें.

फिन्डले मुंबईहून पुण्यास गेला. त्या वेळीं मुंबईचा मनुष्य पुण्यास जावयाचा तो पनवेलपर्यंत खाडीनें आणि पुढें बोरघाट चढून. आमच्या अंबरनाथावरून आगगाडी तेव्हां जात नव्हती. पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास १८५३ च्या एप्रिलांत गेली, कल्याणास १८५४ सालीं आली, अंबरनाथावरून खोपोलीकडे १८५६ सालीं, आणि घाटांतील मार्ग पुरा झाला १८६३ सालीं. तोंवर फिन्डले देश सोडून गेलाही होता. पुण्यास छावणींत राहण्यास व उपदेश करण्यास लष्करी अधिकाऱ्यांनीं त्यास मज्जाव केला. तरी त्यानें नेट सोडला नाहीं. दहाबारा माणसांची एक लहानशी मंडळी त्यानें तेथें जमविली. तींत युरोपियन होते, मिश्र वंशाचे होते, कांहीं एतद्देशीयही होते. १८५३ सालीं त्याचा भाऊ ॲलन त्यास येऊन मिळाला. त्यानें मराठी शिकण्याचा यत्न केला, आणि हिंदुस्थानांतील मराठ्यांस उद्देशून एक पुस्तिकाही मुंबईंत छापविली. १८५५ सालीं तो परतला व पुढें युटास जाऊन राहिला. त्याच सुमारास इतर प्रांतांतील त्याचे सोबतीही बहुतेक निघून गेले होते. आज पुण्यांत किंवा मुंबईंत त्या तीन वर्षांची खूण शोधूं गेल्यास हातीं काय लागेल? जुन्या ग्रंथसूचींतील एकदोन ओळी.

फिन्डलेच्या अंगीं धैर्याची उणीव होती असें कोणी म्हणूं नये. ओळखीचें माणूस नाहीं, हातांत पैसा नाहीं, स्वजातीयांचा विरोध आणि परक्यांची उदासीनता, अशा स्थितींत तीन वर्षें काढणें हें लेंच्यापेंच्याचें काम नव्हे. मराठीची अटकळ त्यास अगदीं नव्हती असेंही नाहीं. मग त्याची शिकवण वाहून कां गेली? तीन वर्षें अपुरीं, हें एक कारण झालें; परंतु आम्हांस दुसरें कारण अधिक खोल वाटतें. त्या काळीं या पंथाची शिकवण अशी होती कीं, ज्यास हा धर्म पटला त्यानें आपली जन्मभूमि सोडून युटांतील सीयोनांत जाऊन राहावें. विलायतेंतून हजारों लोक तसे गेलेही. परंतु मावळांतल्या कुणब्यास हें सांगून पाहा! बैल, विहीर, बांध, पांढरी, वाडवडिलांचीं थडगीं हीं सोडून सातासमुद्रांपलीकडे ये, म्हणजे तुझा उद्धार होईल. जें बीं रुजतांच उपटून दुसऱ्याच्या वाफ्यांत न्यावयाचें, त्याचें झाड आपल्या अंगणांत कोठून दिसणार? ऐकणाऱ्याच्या गांवांत ज्यास कायमचें कांहीं उभें करावयाचें नाहीं, त्यानें त्या गांवची भाषा तरी किती दिवस शिकावी?

आतां त्याच पुण्याकडे दुसऱ्या बाजूनें पाहूं. फिन्डले हिंदुस्थानांत आला त्याच १८५२ सालच्या नोव्हेंबरांत विश्रामबागवाड्यांत सरकारनें जोतीराव फुले यांचा शालजोडी देऊन सत्कार केला, तो मुलींच्या शाळा काढल्याबद्दल. जोतीरावांनीं पहिली शाळा १८४८ सालीं काढली. आणि त्याआधीं अहमदनगरास मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून ती कल्पना आपल्या मनांत आली, असें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. या सिंथिया फरार कोण? अमेरिकन मिशनच्या त्या शिक्षिका १८२७ सालच्या अखेरीस मुंबईस आल्या. अविवाहित स्त्रीस एकटी परदेशीं धर्मकार्यास पाठविण्याचा अमेरिकेंतील हा पहिलाच प्रसंग मानितात. प्रथम त्यांनीं मुंबईंत मुली शिकविल्या, १८३९ सालीं त्या नगरास गेल्या, आणि १८६२ सालीं तेथेंच वारल्या. म्हणजे चौतीस वर्षें. आणि हीं वर्षें मराठी मुलींस मराठी अक्षरें शिकविण्यांत गेलीं. मराठी नीट आल्यावांचून ‘ळ’ आणि ‘ण’ उच्चारावयास मराठी मुलीस कोण शिकवील? मिस फरारांनीं किती जणांस ख्रिस्ती केलें हें आज कोणी विचारीत नाहीं. त्यांची शाळा पाहून पुण्याचा एक तरुण माळी घरीं गेला आणि त्यानें आपल्या बायकोस शिकविलें, तिच्या हातून शाळा चालविली, ही गोष्ट मात्र महाराष्ट्राच्या घरोघर ठाऊक आहे. शिकवण परक्याच्या हातांतून आपल्या माणसाच्या हातांत गेली, तेव्हां कोठें ती आपली झाली.

याच मिशनचा पहिला पुरुष गॉर्डन हॉल. १८१३ च्या फेब्रुवारींत तो मुंबईस आला, तेव्हां कंपनी सरकारनें त्यास व त्याच्या सोबत्यास परत जावें असा हुकूम दिला होता. म्हणजे मज्जाव फिन्डलेसच झाला असें नव्हे. हॉल हटला नाहीं. तो मराठी शिकला, शाळा काढल्या, मराठी पुस्तकें छापण्याची खटपट केली, आणि १८२६ सालीं नाशिक प्रांतांत फिरतीवर असतां पटकीची सांथ चालू असलेल्या गांवांतून आपल्याजवळचीं औषधें वांटून झाल्यावर स्वतः पटकीनें मेला. वय एकेचाळीस. त्यानंतर तीन वर्षांनीं, १८२९ सालीं, जॉन विल्सन व त्याची पत्नी मार्गारेट हीं दोघें स्कॉटलंडहून आलीं. मुंबईसारखें शहर समोर असतां हीं नवराबायको प्रथम कोंकणांत हर्णे-बाणकोटाकडे जाऊन राहिलीं, तीं केवळ मराठी शिकण्यासाठीं. थोड्याच महिन्यांत विल्सन मराठींत बोलूं लागला. मार्गारेटबाईंनीं मुंबईस मुलींच्या शाळा घातल्या. त्या १८३५ सालींच वारल्या. विल्सन १८७५ सालीं मुंबईंतच वारला, आणि ज्या कॉलेजास आज त्याचें नांव आहे तें मुंबईंत चौपाटीसमोर उभें आहे.

येथें आमची एक तक्रार नोंदवून ठेवितों. या साहेबांच्या चरित्रांत त्यांच्या जहाजांचीं नांवें सांपडतात, गव्हर्नरांचीं नांवें सांपडतात; परंतु पहाटे स्नानसंध्या आटोपून, पंचांग बाजूस ठेवून, ज्या शास्त्रीबोवांनीं त्यांस ‘घर तें, भिंत ती, दरवाजा तो’ असें घोकविलें त्यांचें नांव बहुधा सांपडत नाहीं. ज्या भाषेंत घर नपुंसक, त्याची भिंत बाईमाणूस आणि दरवाजा बोवा, ती भाषा तिशी उलटत आलेल्या साहेबास शिकविणें ही काय थोडी तपश्चर्या? शिकवितांना शास्त्रीबोवांस पुरतें ठाऊक असे कीं, हा शिष्य उद्यां याच भाषेंत आपल्या देवांची टवाळी करणार आहे. तरी त्यांनीं चुकीचें लिंग शिकविलें नाहीं. उपदेशकाच्या दिनचर्येविषयीं लिहिणाऱ्यांनीं या गुरूच्या दिनचर्येविषयींही एखादें प्रकरण लिहावयास हवें होतें. तें कोणीं लिहिलें नाहीं म्हणून आम्हीं या लेखाचें नांव असें ठेविलें.

टवाळीचा शब्द आम्हीं वापरला तो मागें घेत नाहीं. भाषा शिकली म्हणजे मनुष्य आपोआप नम्र होतो असें नव्हे. विल्सनसाहेबांनीं मराठी शिकून हिंदु धर्मावर जे वाद घातले व जीं पुस्तकें लिहिलीं, त्यांस मोरभट दांडेकरांसारख्यांनीं तितक्याच जोरानें उत्तर दिलें, तें योग्यच केलें. १८३९ सालीं विल्सनच्या शाळेंतील पारशी तरुणांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां प्रकरण कोर्टांत गेलें आणि आईबापांनीं भराभर मुलें शाळेंतून काढून घेतलीं. १८४३ सालीं श्रीपत शेषाद्रि या अल्पवयी मुलाचा तंटा झाला. कोर्टानें मुलगा बापाच्या स्वाधीन केला, आणि त्यास जातींत परत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं पुण्यामुंबईचा रोष ओढवून घेतला. आमच्या पालकवर्गांत आजही एखादा मनांत म्हणत असेल कीं, मिशनच्या शाळेंत मुलगा घालावा कीं न घालावा. त्यास आम्ही हंसत नाहीं. त्या शंकेचा जन्म वेडेपणांतून झाला नाहीं, अनुभवांतून झाला. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या शिक्षकानें तुमच्या मुलाची भाषा शिकण्याचे कष्ट घेतले, त्याच्याशीं निदान वाद तरी घालतां येतो. ज्यानें ते घेतले नाहींत त्याच्याशीं वादही घालतां येत नाहीं. त्याचें ऐकावें लागतें किंवा दार लावावें लागतें.

या बाबतींत आम्हांस सर्वांत थोर वाटतो तो मात्र या सर्वांच्या फार आधीं आलेला एक इंग्रज. थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोंव्यास उतरला आणि १६१९ सालीं मरेपर्यंत मायदेशीं परतला नाहीं. साष्टी प्रांतांतल्या खेड्यांत त्याचा काळ गेला. कोंकणीचें व्याकरण त्यानें लिहिलें. तें त्याच्या मागें १६४० सालीं छापलें. परंतु त्याचें मोठें काम म्हणजे १६१६ सालीं राचोल येथें छापलेलें ‘क्रिस्तपुराण’. सुमारें अकरा हजार ओव्या! नवीन भाविकांनीं आपलीं जुनीं पुराणें टाकलीं आणि आतां ऐकावयास कांहीं नाहीं, अशी त्यांची हळहळ ओळखून त्यानें हा ग्रंथ त्यांच्याच ओवीच्या चालीवर रचिला. इंग्लंडांत जन्मलेल्या मनुष्याच्या कानांत ओवी बसावयास किती पहांटा, किती जात्यांची घरघर, किती कीर्तनें लागलीं असतील! आणि याच गोंव्याची दुसरी बाजूही मुलांनीं विसरूं नये. तेथेंच धर्मन्यायालयाचा जुलूम चालला, आणि स्टीफन्सच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनीं, १६८४ सालीं, पोर्तुगीज सरकारनें कोंकणी बोलण्यावरच बंदीचा हुकूम काढला. एकाच क्रुसाखालीं एक मनुष्य लोकांची भाषा शिकत होता, आणि पुढें एक हुकूम ती तोडूं पाहत होता. कोंकणी आजही जिवंत आहे. हुकुमाचा कागद दप्तरांत पडला.

हें सारें आम्ही मोरिवलीस बसून कां सांगतों? कारण आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर शंभर पावलें टाकलीं तर चार-पांच भाषा कानीं पडतात. १९४९ सालीं उल्हासनगर वसलें तें सिंधेंतून घरदार टाकून आलेल्या लोकांनीं. पुढें कारखाने वाढले तसे उत्तर प्रदेशांतून, बिहारांतून, ओडिशांतून, दक्षिणेंतून कामगार आले. २०२० सालच्या कायद्यानें राज्यांतील सर्व शाळांत मराठी शिकणें आवश्यक झालें आहे, आणि त्यावर आमच्याकडे दोन प्रकारच्या तक्रारी येतात. परप्रांतीय पालक म्हणतात, मराठी गुणांपुरती येऊं द्या, पुढें तिचा उपयोग काय? मराठी पालक म्हणतात, इतकीं वर्षें येथें राहतात, यांना मराठी कशी येत नाहीं? दोघांनाही आमचें उत्तर गैरसोयीचें आहे. पहिल्यांस आम्ही सांगतों, ज्या गांवचें पाणी पितां त्या गांवची भाषा गुणांपुरती शिकणें म्हणजे त्या गांवांत आयुष्यभर छावणी ठोकून राहणें. आणि दुसऱ्यांस विचारतों, आपणांस शेजाऱ्याच्या भाषेंतले किती शब्द येतात?

दुसरा प्रश्न आम्ही ताठ मानेनें विचारूं शकत नाहीं, हेंही कबूल करावयास हवें. आमच्या मराठी शिक्षकांपैकीं एक जण उल्हासनगरांत वीस वर्षें सिंधी शेजारांत राहत आहेत. या वर्षीं वर्गांत एका सिंधी मुलास त्यांनीं सहज विचारलें, तुमच्या भाषेंत पाण्याला काय म्हणतात? मुलगा म्हणाला, "पाणी." गुरुजींस वाटलें, पोर थट्टा करीत आहे, म्हणून ते रागावले, मुलगा रडकुंडीस आला. घरीं गेल्यावर त्यांनीं शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांस विचारलें, तों तेही म्हणाले, "पाणी." हिंदींतलें ‘पानी’ नव्हे, अगदीं आपल्यासारखें णकार घेऊन ‘पाणी’. वीस वर्षें एका नळावर भांडीं भरून ही गोष्ट कळली नव्हती! दुसऱ्या दिवशीं गुरुजींनीं वर्गांत त्या मुलाची क्षमा मागितली, आणि तेव्हांपासून दर शनिवारीं मधल्या सुट्टींत ते त्याच्याकडून सिंधी शिकतात. मुलगा आठवींत आहे आणि गुरुजींच्या चुका काढतांना त्यास विलक्षण आनंद होतो. हा उपक्रम वर्गावर्गांतून चालवावा, शिकविणारा विद्यार्थी आणि शिकणारा शिक्षक असावा, अशी आमची शाळेच्या चालकांस विनंति आहे. वेळापत्रकांत त्यासाठीं तास नसेल तर मधली सुट्टी आहेच.

आणि जीं मुलें आज ना उद्यां जर्मनीस, आखातांत किंवा अमेरिकेस जाणार आहेत, त्यांच्या आईबापांना एक सुचवितों. मुलाच्या पेटींत लोणच्याची बरणी अवश्य घाला, पण बरोबर एक कोरी वहीही घाला. तेथें तो कोणाचा उपदेशक म्हणून जात नाहीं, हें खरें. परंतु तेथील माणूस आपल्या देशाविषयीं जें कांहीं शिकेल तें त्याच्याकडे पाहूनच शिकेल, आणि तेथील माणसाकडून हा कांहीं शिकतो कीं नाहीं हें तो आधीं पाहील.

आमच्या विद्यार्थिनीचें दुसरें पत्र हा अंक छापावयास देण्याच्या सुमारास आलें. या तरुणांची बदली थोड्या थोड्या आठवड्यांनीं होत असते. तशी त्या वहीवाल्याची दुसऱ्या गांवीं झाली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळीं तो निरोप घेण्यास आला. सोबतचा जोडीदार नवा होता. हिनें दोघांस चहा देऊं केला, तेव्हां आपल्या पंथांत चहा वर्ज्य आहे असें त्यानें सांगितलें. मग तिनें त्यांस आईनें पाठविलेले लाडू दिले. धर्माची गोष्ट त्यानें काढली नाहीं. बूट घालून झाल्यावर तो दारांत वळला, खिशांतली वही न काढतां "येतों" म्हणाला, आणि हा जातो आहे कीं येतो आहे हें न समजून नवा जोडीदार त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.